एलसीएमएम पॅकेज रिव्ह्यू : उतारवयात बुद्धी किती आणि कशी घसरते हे मोजणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगून टाकते, मग सवडीने बाकीचं वाचा. वयस्कर माणसांची स्मरणशक्ती, लक्ष, पटकन शब्द आठवणं हे सगळं वर्षानुवर्षं मोजून ते कसं बदलत जातं याचं मॉडेल बसवायचं असेल, तर आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधलं एलसीएमएम हे पॅकेज माझ्या मते सगळ्यात कामाचं आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. पण बहुतेक जण ज्या कारणासाठी हे डाउनलोड करतात, म्हणजे लेटंट क्लास, म्हणजे डेटात थेट न दिसणारे गट काढायला, "हे हळू घसरणारे, हे झपाट्याने घसरणारे" अशी माणसांची वाटणी करायला, ते कारण मला दुय्यम वाटतं. याची खरी ताकद आहे लिंक फंक्शनमध्ये, म्हणजे आतली क्षमता चाचणीच्या मार्कांत कशी उतरते ते सांगणाऱ्या भागात, आणि त्याबद्दल आपल्याकडे स्टॅटिस्टिक्स किंवा सायकॉलॉजीची मुलं फारसं बोलताना दिसत नाहीत, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मुळात अडचण काय आहे ते बघा. म्हाताऱ्या माणसांची बुद्धी तपासायला जगभर सर्रास वापरतात ती चाचणी म्हणजे एमएमएसई, 1975 साली फोल्स्टीन पतीपत्नी आणि मॅक्ह्यू यांनी छापली, 30 मार्कांची. आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, हे तीन शब्द लक्षात ठेवा मी नंतर विचारते, 100 मधून 7 वजा करत जा, असले प्रश्न. डॉक्टरला थोडक्या वेळात अंदाज यावा म्हणून ती केली होती आणि त्या कामाला ती चांगलीच आहे. पण रिसर्चमध्ये हाच स्कोअर दर दोन-तीन वर्षांनी घेतात आणि त्यावर सरळ साधं लिनिअर मिक्स्ड मॉडेल (सगळ्यांची एक सरासरी रेषा आणि तिच्याभोवती प्रत्येक माणसाची आपली रेषा) बसवतात, तिथे गडबड सुरू होते, कारण या 30 मार्कांतला प्रत्येक मार्क सारख्या किमतीचा नाही. वरच्या टोकाला, म्हणजे 28-29-30 वाल्या माणसांत, आतून बरीच क्षमता कमी झाली तरी जेमतेम एखादा मार्क जातो. खाली 18-20 च्या आसपास तेवढ्याच घसरणीत बरेच मार्क धडाधड जातात. आता विचार करा, चांगले शिकलेले रिटायर्ड हेडमास्तर आहेत, त्यांना 30 पैकी 30, पाच वर्षांनी 29. आणि शेतात राबलेल्या, दुसरी शिकलेल्या आजी 22 वरून 18 वर. साधं मॉडेल सांगणार की आजींची घसरण चौपट, मास्तर ठणठणीत. ते खरं असेलही, नसेलही, त्या स्कोअरवरून तसं ठरवताच येत नाही. मास्तरांची घसरण चाचणीच्या वरच्या टोकात दबून गेलेली असू शकते आणि घरच्यांना मात्र ती रोज दिसत असते.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाहीये. हे पॅकेज करणाऱ्या फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटानेच 2011 साली सिम्युलेशन करून दाखवलं होतं की असल्या वाकड्या स्केलवर साधं लिनिअर मिक्स्ड मॉडेल वापरलं तर शिक्षणासारख्या गोष्टींचा घसरणीच्या वेगाशी नसलेला संबंधही "सिग्निफिकंट" (म्हणजे नुसता योगायोग नव्हे) म्हणून बाहेर येतो. म्हणजे पी व्हॅल्यू (योगायोग तपासायचा आकडा) छान, पेपर छापून आला, आणि निष्कर्ष मात्र चाचणीच्या रचनेमुळे आलेला. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते, कारण उद्या त्याच निष्कर्षावर कुणाला तपासायचं, कुणाला "नॉर्मल आहे, वयामुळे होतं" म्हणून घरी पाठवायचं हे ठरणार आहे.

एलसीएमएम इथे काय करतं, तर स्कोअर आणि खरी क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या धरतं. आत एक न दिसणारी लेटंट प्रोसेस आहे, ती काळाबरोबर हलते, तिच्यावर वय-शिक्षण-स्त्री पुरुष यांचा परिणाम होतो, प्रत्येक माणसाचा स्वतःचा इंटरसेप्ट (सुरुवातीची पातळी) आणि स्वतःचा स्लोप (बदलाचा वेग) तिच्यावरच बसतो. आणि ती प्रोसेस चाचणीच्या मार्कांत कशी उतरते हे सांगणारं वेगळं फंक्शन, तेच लिंक फंक्शन, ते डेटावरूनच एस्टिमेट होतं. लिनिअर, बीटा, स्प्लाइन्स आणि थ्रेशोल्ड्स असे चार पर्याय मिळतात. लिनिअर घेतलं की नेहमीचंच मॉडेल. बीटामध्ये थोडक्या पॅरामीटरमध्ये बाक पकडता येतो, स्प्लाइन्स (तुकड्यातुकड्यांनी जोडलेली वक्ररेषा) जास्त लवचिक, गाठी, म्हणजे तुकडे जोडायच्या जागा, कुठे आणि किती ठेवायच्या ते आपण सांगायचं. थ्रेशोल्ड्स म्हणजे प्रत्येक मार्काची पायरी वेगळी धरायची, कमी पायऱ्यांच्या स्केलला हेच बरोबर, पण एमएमएसईसारख्या 0 ते 30 मार्कांवर रँडम स्लोपसकट (प्रत्येकाचा वेग वेगळा धरून) चालवलंत तर आत न्यूमरिकल इंटिग्रेशन होतं आणि कॉम्प्युटर बराच वेळ अडकून बसतो, मोठ्या डेटावर रात्रभर लावून ठेवायची तयारी हवी. माझी पद्धत अशी की आधी लिनिअर, मग बीटा, मग स्प्लाइन्स, तिघांचा एआयसी (मॉडेल किती चांगलं बसलं त्याचा आकडा, कमी तितका बरा) समरीटेबल या फंक्शनमध्ये शेजारीशेजारी ठेवायचा आणि लिंकचा प्लॉट काढून डोळ्यांनी बघायचा. एमएमएसईचा तो प्लॉट एकदा बघितला ना, वरच्या टोकाला रेषा कशी वळते ते, की परत कच्चा स्कोअर लिनिअर मॉडेलमध्ये टाकावासा वाटत नाही.

ज्यांना एवढं सगळं नकोय, फक्त एमएमएसईच आहे आणि साधं मॉडेलच हवंय, त्यांच्यासाठी याच गटाचं नॉर्मसाय नावाचं छोटं पॅकेज आहे, ते एमएमएसईचे मार्क 0 ते 100 च्या नीट केलेल्या स्केलवर बदलून देतं, मग त्यावर एचएलएमई, म्हणजे एलसीएमएममधलं साधं मिक्स्ड मॉडेल बसवणारं फंक्शन चालवा. शिकताना हा रस्ता सोपा पडतो.

सोबत मिळणारा डेटा हा या पॅकेजचा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, त्यावर जरा जास्त बोलते. पाकिड म्हणून फ्रान्समधला मोठा अभ्यास आहे, 1988 मध्ये सुरू झाला, नैऋत्य फ्रान्सच्या जिरोंद आणि दोर्दोन्य या दोन जिल्ह्यांतली 65 च्या पुढची 3,777 माणसं, घरी राहणारी, आणि त्यांच्या घरी जाऊन सायकॉलॉजिस्ट 1, 3, 5, 8, 10 वर्षांनी असं करत वीस वर्षांच्याही पुढे चाचण्या घेत राहिले. झाँ-फ्रान्स्वा दार्तिग यांचं हे काम. पॅकेजमध्ये त्यातल्या 500 माणसांचा नमुना आहे, 2250 ओळी, एमएमएसई आहे, बेंटनची आकृत्या लक्षात ठेवायची चाचणी आहे, आयझॅक्सची शब्द आठवायची चाचणी आहे (शहरं, फळं, प्राणी, रंग, पटपट नावं सांगायची), नैराश्याचा स्कोअर आहे, डिमेन्शिया झाला का आणि कितव्या वर्षी ते आहे. शिक्षणाचा कॉलम सेप नावाचा, म्हणजे तिथलं प्राथमिक शाळेचं सर्टिफिकेट मिळालं होतं की नाही, आपल्याकडे जुन्या लोकांची व्हर्नाक्युलर फायनल असायची साधारण त्या जातीचं. एक तर बनवलेला डेटा नाहीये, खऱ्या माणसांचा आहे, मध्येच भेटी चुकलेल्या, मध्येच थांबलेल्या, म्हणून शिकायला उत्तम. आणि या अभ्यासातून जे बाहेर आलंय ते वाचून मी तरी हलले होते. डिमेन्शियाचं निदान व्हायच्या बारा-बारा वर्षं आधीपासून शब्द आठवायच्या चाचणीत फरक दिसायला लागतो. आणि 2014 मध्ये त्यांनी शिक्षणाप्रमाणे वेगळं करून दाखवलं की जास्त शिकलेल्यांमध्ये पहिली घसरण निदानाच्या पंधरा-सोळा वर्षं आधी सुरू होते, कमी शिकलेल्यांमध्ये साधारण सात वर्षं आधी. म्हणजे शिकलेला माणूस कितीतरी वर्षं सावरून नेत असतो, आणि आपण त्याला 29 मार्क आहेत म्हणून निश्चिंत असतो. हे असलं काही दिसायचं तर लांब फॉलोअप पाहिजे, एकापेक्षा जास्त चाचण्या पाहिजेत आणि चाचणीचा वाकडेपणा धरणारं मॉडेल पाहिजे.

एकापेक्षा जास्त चाचण्यांसाठी मल्टएलसीएमएम हे फंक्शन. इथे सगळ्या चाचण्यांच्या मागे एकच लेटंट क्षमता धरतात आणि प्रत्येक चाचणीला तिची तिची लिंक. यातून कळतं की कुठली चाचणी कुठल्या पातळीवर तीक्ष्ण आहे. पाकिडवर 2007 मध्ये असंच करून निघालं होतं की एमएमएसई आणि बेंटन खालच्या पातळीवरचा बदल चांगला पकडतात, आणि आयझॅक्सची शब्दांची चाचणी आणि अंकांना खुणा जोडायची चाचणी वरच्या पातळीवर, म्हणजे नुकती सुरुवात असताना. ज्यांना नवीन अभ्यास आखायचाय त्यांनी हे आधी वाचा, चाचण्या नंतर निवडा.

आता लेटंट क्लास. इथे माझं मत थोडं कडक आहे. एनजी (क्लासची संख्या) बरोबर 2, 3, 4 करत क्लास वाढवायचे, ज्याचा बीआयसी (एआयसीसारखाच आकडा) कमी तो घ्यायचा आणि त्यांना "यशस्वी वार्धक्य", "मध्यम", "वेगाने ऱ्हास" अशी नावं द्यायची, असे पेपर ढिगाने आहेत. बाउअर आणि करन या संशोधकांनी 2003 मध्येच दाखवलंय की डेटा एकाच गटाचा असला पण त्याचं डिस्ट्रिब्युशन एका बाजूला झुकलेलं असलं तरी मॉडेल आपल्याला दोन गट काढून देतं. आणि म्हाताऱ्यांच्या चाचण्यांचे स्कोअर झुकलेलेच असतात की! म्हणजे लिनिअर लिंक ठेवून क्लास काढले तर त्यातला एखादा क्लास निव्वळ सीलिंगमुळे (वरच्या टोकाला मार्क अडकल्यामुळे) तयार झालेला असायची दाट शक्यता. म्हणून आधी लिंक नीट करा, मग क्लास. त्यातही पोस्टरियर प्रॉबॅबिलिटी बघा, पोस्टप्रॉब फंक्शन आहे, प्रत्येक क्लासमधली माणसं सरासरी किती खात्रीने त्या क्लासमध्ये आहेत ते सांगतं. ही खात्री कमी असेल तर त्या क्लासवर गोष्ट रचू नका, तिथे खरी माणसं आहेत, त्यांच्या कपाळावर शिक्का मारताना थोडा विचार व्हायला हवा.

क्लासवाल्या मॉडेलमध्ये लोकल मॅक्सिमाचा, म्हणजे जवळच्याच एखाद्या छोट्या शिखरावर अडकायचा त्रासही आहे, आणि माझा अर्धा स्टार मुख्यतः इथे गेला. आत उत्तर शोधणारा मार्क्वार्ट अल्गोरिदम आहे, कन्व्हर्जन्स (उत्तर स्थिरावलं का) तीन कसोट्यांवर तपासतो, पॅरामीटर हलायचे थांबले का, लाइकलीहूड (मॉडेल डेटाला किती जुळतं ते) थांबलं का, आणि डेरिव्हेटिव्हवरून खरंच शिखरावर आलोय का. तिसरी कसोटी कडक आहे ही फार चांगली गोष्ट, पुष्कळ सॉफ्टवेअर पहिल्या दोनांवरच खूश होतात. पण शिखर सापडलं म्हणजे सगळ्यात उंच शिखर सापडलं असं नाही, सुरुवातीच्या व्हॅल्यू बदलल्या की क्लास बदलतात. त्यावर उपाय पॅकेजमध्येच दिलाय, ग्रिडसर्च, एका क्लासच्या मॉडेलवरून वेगवेगळ्या रँडम ठिकाणांहून सुरुवात करून बघतो आणि सगळ्यात चांगलं पुढे नेतो. पण ते आपणहून चालवावं लागतं, डिफॉल्ट नाही, आणि नवशिका माणूस डिफॉल्टवरच थांबतो. वेळही खातो, नव्या व्हर्जनमध्ये कॉम्प्युटरचे एकापेक्षा जास्त कोअर वापरायची सोय आलीय ती जरूर वापरा.

बाकीच्या कुरबुरी पटापट. सब्जेक्टचा कॉलम न्यूमेरिकच लागतो, "पीएन-023" असले आयडी चालत नाहीत, आधी नंबरात बदलून घ्या. एकाच पातळीचं ग्रुपिंग चालतं, म्हणजे एका माणसाच्या अनेक भेटी एवढंच, गावात माणसं आणि माणसात भेटी अशी उतरंड हवी असेल तर हे पॅकेज नाही. आणि आउटपुटची एककं. एलसीएमएम फंक्शनमध्ये एररचं (मोजण्यातल्या चढउताराचं) स्टँडर्ड डेव्हिएशन 1 धरून बाकी सगळं त्या मापात येतं, त्यामुळे "दर दहा वर्षांनी -0.6" असं काही आलं तर ते मार्क नाहीत, आणि गाइडने विचारलं की किती मार्क घसरले तर त्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी प्रेडिक्टवाय आहे, 70 व्या, 80 व्या, 90 व्या वर्षी अपेक्षित एमएमएसई किती ते परत मार्कांत काढून देतं, कॉन्फिडन्स बँडसकट (अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो तो पट्टा). रिपोर्टमध्ये तोच आलेख द्या, डॉक्टर लोकांना तोच समजतो.

मध्येच अभ्यास सोडून जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न वयस्कर माणसांच्या डेटात सगळ्यात अवघड. जो जास्त घसरला तोच पुढच्या भेटीला येत नाही, अंथरुणाला खिळलेला असतो किंवा गेलेला असतो. साधं मिक्स्ड मॉडेल धरून चालतं की आतापर्यंत दिसलेल्या स्कोअरवरून गळतीचा हिशेब लागतो. पुष्कळदा तो लागतो, पण नेहमी नाही. जॉइंटएलसीएमएम हे फंक्शन घसरण आणि डिमेन्शिया होण्याची वेळ दोन्ही एकत्र मॉडेल करतं, आणि त्यात उशिरा एंट्रीची सोय आहे, म्हणजे कोणी 68 व्या वर्षी अभ्यासात आला, कोणी 84 व्या वर्षी, आणि 84 वाला तोपर्यंत डिमेन्शियाशिवाय टिकलाय म्हणूनच आत आहे, हे धरलं जातं. वय हाच काळाचा अक्ष घेतला की हे न धरणं म्हणजे सरळ चूक. मृत्यूला स्पर्धक घटना (आधी झाली तर डिमेन्शिया दिसूच न देणारी) म्हणूनही घेता येतं. फक्त एक अट, एका क्लासच्या आत घसरण आणि आजार यांचा आणखी काही संबंध उरलेला नाही असं मॉडेल धरतं, समरीमध्ये त्याची स्कोअर टेस्ट (ही अट टिकते का याची कसोटी, मार्कांशी संबंध नाही) छापून येते, ती खाली असते म्हणून लोक बघत नाहीत. बघा.

पहिल्या भेटीचंही लक्षात ठेवा. पहिल्यांदा परीक्षा देताना वयस्कर माणूस बावरलेला असतो, दुसऱ्यांदा सवय झालेली असते, त्यामुळे स्कोअर सुरुवातीला वाढलेलाही दिसतो. पहिल्या भेटीला 1, बाकीला 0 असा एक कॉलम मॉडेलमध्ये घालायला काही खर्च येत नाही, तरी किती जण तो घालत नाहीत.

दुसरं काय वापरता येईल? एलएमई4 हे आरचंच दुसरं पॅकेज वेगवान आहे, उतरंडवाला डेटा छान घेतं, पण लेटंट क्लास नाहीत आणि अशी एस्टिमेट होणारी लिंकही नाही. एनएलएमई आर सोबतच येतं, एररचं कोरिलेशन धरू देतं. सॅस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं प्रॉक ट्रॅज क्लास काढतं पण एका क्लासमधल्या सगळ्यांना एकच रेषा देतं, माणसामाणसातला फरक धरत नाही, आणि म्हातारपणात तर तोच फरक मोठा. एमप्लस हे सॉफ्टवेअर ताकदीचं आहे पण पैसे मोजावे लागतात. घसरण आणि मृत्यू यांचा संबंध क्लासशिवाय हवा असेल तर जेएमबेज2 हे आरचं पॅकेज बघा.

आपल्याकडच्या डेटावर हे कितपत चालेल? मुंबईत गोवंडीजवळ देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, त्यांनी चालवलेल्या लासी या वार्धक्यावरच्या देशभरच्या सर्व्हेची पहिली फेरी 2017-18 ला झाली, 72 हजारांहून जास्त माणसं, 45 वर्षं आणि पुढची. त्यातल्याच 60 च्या पुढच्या 4,096 जणांची सविस्तर तपासणी लासी-डॅड या डिमेन्शियावरच्या जोड-अभ्यासात केली आणि त्यावरून साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के असा अंदाज निघाला. तिथे एमएमएसईच्या जागी एचएमएसई (एमएमएसईची हिंदी आवृत्ती) वापरतात, हरयाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत शाळेत न गेलेल्या माणसांसाठी तयार केलेली, ज्यात वाक्य लिहायला लावायच्या ऐवजी तुमच्या घराबद्दल काही सांगा असं विचारतात आणि वाचून डोळे मिटायच्या ऐवजी मी करते तसं करा म्हणतात. अशा चाचणीची लिंक फ्रेंच एमएमएसईसारखी निघेल असं गृहीत धरू नका, ती आपल्या डेटावरूनच काढा, आणि शिकलेल्या-न शिकलेल्यांचे लिंक प्लॉट वेगवेगळे काढून बघा.

पण दोनच फेऱ्यांचा डेटा असेल तर माझा सल्ला, क्लासच्या आणि वळणदार रेषांच्या नादाला लागू नका, दोन बिंदूंमधून वळण निघत नाही आणि माणसागणिक स्लोप आणि एरर वेगळे करणंही कठीण जातं. आणि एकाच फेरीवरून 65 वाले आणि 85 वाले शेजारी ठेवून "वीस वर्षांत एवढी घसरण" असं तर मुळीच लिहू नका. अमेरिकेत सिएटलला के. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञांनी 1956 पासून तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासून दाखवलं की असल्या तुलनेत घसरण फार आधी आणि फार मोठी दिसते, कारण पिढ्यांचं शिक्षण वेगळं असतं. आपल्याकडे तर 85 वर्षांच्या बाईने शाळेची पायरी चढलेली नसते आणि तिची 62 वर्षांची मुलगी बीए बीएड करून रिटायर झालेली असते.

नवीन असाल तर पाकिड डेटावर एचएलएमई एका क्लासने सुरू करा, वयातून 65 वजा करून 10 ने भागून घ्या म्हणजे आकडे सुटसुटीत राहतात आणि कन्व्हर्जन्सही सुरळीत होतो, नंतर लिंक, नंतर मल्टएलसीएमएम, जॉइंट सगळ्यात शेवटी. सोबतच्या व्हिनेट्स (उदाहरणांसकट मार्गदर्शिका) याच क्रमाने लिहिल्यात आणि चांगल्या लिहिल्यात. थिसिसमध्ये वापरलंत तर प्रूस्त-लिमा, फिलिप्स आणि लिके यांचा 2017 चा जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअरमधला पेपर साइट करा, मॉडेलची सगळी समीकरणं एकत्र तिथेच सापडतील.